पावणेतीन किलो मीठ

"मिठाला पैसं? आपल्या घरान मिठाला पैसं?"

आजोबांनी हा प्रश्न मला दोनदा विचारला. एकदा माझ्याकडे बघून आणि एकदा छताकडे बघून. माझ्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर समुद्री मत्स्यालयात घालायच्या मिठाची किंमत होती. त्या एका बादलीच्या पैशात आमच्या घराचं पाच वर्षांचं मीठ, लोणच्यासकट, आलं असतं. शिवाय आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असं सगळेच सांगतात. आजोबांनी आयुष्याची तीसेक वर्षं पनवेलच्या खाडीकाठी दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढलं. आणि त्यांची कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, केमिकल इंजिनिअरिंग करणारी नात बाहेरून मीठ मागवायला निघाली होती!

पण सुरुवातीपासून सांगते.

मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. २०१५ मध्ये त्याला नवं रूप मिळालं आणि आत काचेसारखा पारदर्शक बोगदा आला. आम्ही गेलो ते त्यानंतर. लोक बोगद्यात उभे राहून फोटो काढत होते. मी मात्र कोपऱ्यातल्या एका छोट्या टाकीसमोर थांबले, कारण तिच्यात नारिंगी-पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश होते. ते एकमेकांना धक्के देत होते. बाबांनी मला तीन वेळा हाक मारली म्हणे. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या घरी असं एक करायचं. दहाव्या वर्षी आपण बरंच काही ठरवतो (मी अंतराळवीर व्हायचंही ठरवलं होतं), पण हे डोक्यातून गेलं नाही. पुढे ते मत्स्यालय कोविडमध्ये बंद झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की जगभरातले प्रवाळ तापलेल्या समुद्रामुळे पांढरे पडतायत, असं होण्याची ही चौथी जागतिक वेळ आहे. लक्षद्वीपचेही प्रवाळ त्यात होते. तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. वाटलं, आता नाही केलं तर कधी?

जूनच्या सुट्टीत, साठवलेल्या पैशांतून, २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच काचेची टाकी आणली. हिशोब केला तर ८८ लिटर. वरची मोकळी जागा आणि आतले दगड वजा केले की साधारण ७५ लिटर पाणी. सगळं मिळून वजन शंभर किलोच्या वर जातं, म्हणून शोकेसवर ठेवायचा आईचा प्रस्ताव मी नामंजूर केला आणि लोखंडी स्टँड करून घेतला.

आता टाकीत ठेवायचं काय, हा प्रश्न. रीफ म्हणजे प्रवाळ. मुंबईतल्या एका दुकानात गेले तर दुकानदाराने मागच्या बाजूला नेऊन एक कडक, हिरवट, जिवंत प्रवाळाचा तुकडा दाखवला. "घेऊन जा मॅडम, काही होत नाही." मी जवळजवळ घेतलाच होता. मग लोकलमध्ये बसल्यावर (नशीब, पैसे कमी पडले म्हणून नुसती बसले) वाचायला लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी प्रवाळ आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. शिक्षा किमान तीन वर्षं. तीन वर्षं म्हणजे सहा सेमिस्टर! आपल्याला केटीची भीती वाटते ती उगाच.

गंमत सोडा, पण मला तेव्हा खरोखर लाज वाटली. प्रवाळ म्हणजे अंदमान नाहीतर ऑस्ट्रेलिया असं मला वाटायचं. ते आपल्या दारात आहेत. मालवणला आहेत, तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत अँग्रिया बँक नावाचा बुडालेला उंचवटा आहे, तिथे आहेत. अगदी मुंबईच्या गढूळ पाण्यात, वरळी-हाजी अलीच्या खडकांवरही आहेत. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी त्यातले काही उचलून दुसरीकडे बसवावे लागले. दुकानातला तो हिरवट तुकडा कुठल्या खडकावरून छिन्नीने तोडला असेल, कोण जाणे. मी ठरवलं, माझ्या रीफमध्ये कोरल नाही. भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिक दगड, शंख-गोगलगाई, आणि माणसांनी पैदास केलेले दोन क्लाउनफिश. असे मासे आता आपल्याकडे तयार होतात. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे, पनवेलहून पाऊण-एक तासावर. हॉस्टेलमधली एक मैत्रीण म्हणाली, "म्हणजे कांद्याशिवाय कांदाभजी." असेल. मला चालतं.

दगड आणि मासे ठरले. उरलं पाणी. म्हणजेच मीठ.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. सत्तरच्या दशकात नवी मुंबई वसवायला ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. आजोबा ज्या मिठागरात कामाला होते ते त्यानंतरही काही वर्षं चाललं, मग तिथे भराव पडला. आजोबांनी नंतर वॉचमनची नोकरी केली, बाबांना शिकवलं, आणि आता आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. आजी गेल्यापासून आजोबा गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. आणि मी? मी अशा शाळेत होते जिथे वर्गात मराठी बोललं तर वहीत नाव लिहायचे. भरती-ओहोटी मला हाय टाइड-लो टाइड म्हणून माहीत. आजोबांचं बोलणं घरातलं सगळ्यांना कळायचं, मला निम्मं कळायचं. एकदा शाळेच्या गॅदरिंगला ते आले, बाईंशी मोठ्याने "आमची पोर कशी हाय?" म्हणाले, तेव्हा मी नववीत होते आणि टॉयलेटमध्ये जाऊन बसले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर इथेच सांगते. आमच्या दोघांत भांडण कधीच नव्हतं, पण "जेवलीस का" आणि "झोपलास का" याच्यापुढे बोलायला विषयही नव्हता. (झोपलास का, कारण मी मुलगी आहे हे आजोबा सोयीनुसार विसरतात.)

त्या दिवशी त्यांनी विषय काढला. मिठाचा. "यो बग," म्हणत आतून बरणी आणली. ओळखीच्या मिठागरवाल्याकडून त्यांच्यासाठी दरवर्षी पोतंभर खडेमीठ येतं. करडं, जाड, हाताला ओलसर लागणारं. "समिंदराचाच हाय ना? मंग?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? मला तर्क बिनतोड वाटला. समुद्राच्या पाण्यातून पाणी उडवलं की मीठ उरतं. मिठात पाणी परत घातलं की समुद्र. मास बॅलन्सच्या पहिल्या लेक्चरला शिकवतात! आरओचं पाणी ७५ लिटर साठवलं (त्यासाठी वाया गेलेल्या पाण्याने आईने चार दिवस भांडी आणि फरशा धुतल्या, पनवेलात जूनमध्ये पाण्याची बोंब असते आणि हिला समुद्र पाहिजे, हे वाक्य रोज एकदा व्हायचं). मग समुद्राच्या लिटरमागे ३५ ग्रॅमच्या हिशोबाने, थोडं इकडेतिकडे धरून, पावणेतीन किलो खडेमीठ विरघळवलं. चिखल खाली बसला तो फडक्यातून गाळला. रिफ्रॅक्टोमीटरमध्ये बघितलं. १.०२५! अगदी पुस्तकातला समुद्र. आजोबा म्हणाले, "पैसं वाचलं."

नंतर सायकल. हे नवख्यांना माहीत नसतं म्हणून लिहिते. नवीन टाकीत लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी चालतं. हे जिवाणू दगडांच्या भोकांमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर त्यांना खायला अमोनिया पाहिजे. मी बाजारातून आणलेली एक सोललेली कोळंबी पाण्यात टाकली आणि कुजू दिली. हॉलमध्ये. आईची प्रतिक्रिया मी छापायला देऊ शकत नाही. पाच आठवड्यांनी टेस्ट किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. व्हायवात एक्स्टर्नलने "गुड" म्हटल्यावर वाटतं तसं वाटलं.

जुलैच्या मध्यात पाच शंखगोगलगाई आणून सोडल्या. पहिल्या रात्री त्या हलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन उलट्या पडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचही मेल्या होत्या आणि घरात परत कोळंबीचा वास.

मी सगळं पुन्हा मोजलं. अमोनिया फक्त मेलेल्या गोगलगाईंपुरता. तापमान २८. घनता १.०२५. सगळं बरोबर होतं आणि सगळं मेलं होतं. शेवटी एक किट राहिलं होतं, पाण्याची अल्कलिनिटी मोजायचं. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब थेंब द्रव टाकायचा, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. समुद्राच्या पाण्याला सात-आठ थेंब लागतात. माझ्या पाण्याचा रंग दुसऱ्याच थेंबाला बदलला.

मी टाकीसमोर जमिनीवर बसून रडत होते. गोगलगाईंसाठी कोणी रडतं का? पण रडत होते. आजोबा गॅलरीतून उठून आले. मी सांगितलं, पाण्यात मीठ आहे पण बाकीचं काही नाहीच आहे. कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही.

"कडू पानी सोरला त कसा ऱ्हाईल?" आजोबा म्हणाले.

"कुठलं कडू पाणी?"

मग आजोबा खाली बसले. माझ्याशेजारी, फरशीवर. गुडघे धरून. आणि त्यांनी मला मीठ कसं करतात ते सांगितलं. तासभर तरी बोलले असतील. माझ्या वीस वर्षांत ते माझ्याशी एका वेळी इतकं कधी बोलले नव्हते.

दिवाळीनंतर मिठागराचं काम सुरू व्हायचं. आधी बांध दुरुस्त करायचे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी चढतं, तेव्हा उघाडी उघडून ते आत घ्यायचं. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. भांगाच्या भरतीला पाणी तेवढं चढत नाही, तेव्हा नाही घ्यायचं. (भांग म्हणजे नीप टाइड. मला हे विचारावं लागलं. आजोबांनी हाताने चंद्र अर्धा करून दाखवला.) आधी मोठ्या कोंडीत पाणी उन्हात तापत ठेवायचं. दाट झालं की पुढच्या, उथळ कोंडीत. मग त्याच्या पुढच्या. शेवटच्या कोंडीचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेला असायचा. त्यात पाणी आलं की काही दिवसांनी त्याला लालसर, गुलाबी रंग चढायचा. आजोबा म्हणाले, तो रंग आला की समजायचं आता मीठ बसणार. मीठ बसलं की लांब दांड्याच्या लाकडी फळीने ओढून ढीग लावायचा. आणि मीठ ओढल्यावर कोंडीत जे पाणी राहतं ते जिभेला कडू लागतं. ते ठेवलं तर पुढचं मीठही कडू होतं. म्हणून ते सोडून द्यायचं.

"कुठे?"

"खारीन. जिकरून आला तिकरं."

मी उठून नोट्स काढल्या. आमच्या लॅबमध्ये बोमे हायड्रोमीटर आहे. द्रव किती दाट आहे ते अंशांत दाखवणारी काचेची नळी. समुद्राचं पाणी साडेतीन अंश बोमे. उन्हात आटत गेलं की सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. मग जिप्सम, म्हणजे उरलेलं बरंचसं कॅल्शियम. हे सगळं सुरुवातीच्या कोंड्यांतच. पंचविसाव्या अंशाला खाण्याचं मीठ बसायला लागतं. आणि मॅग्नेशियम शेवटपर्यंत बसतच नाही. ते राहतं त्या कडू पाण्यात. मिठागर ही एक फ्रॅक्शनल क्रिस्टलायझेशनची यंत्रणा आहे, तिसऱ्या सेमला दहा मार्कांना येते ती. मातीची, पायाने तुडवलेली, सूर्यावर चालणारी. तिचं कामच समुद्रातून मीठ सोडून बाकी सगळं काढून टाकणं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४००च्या वर असतं. शंखाला शंख करायला, प्रवाळाला दगड व्हायला हेच लागतं. ते पहिल्या कोंड्यांच्या तळाला आणि शेवटच्या कोंडीच्या पाण्यात राहून गेलं होतं. मी मधलं तेवढं उचलून समुद्र समजले होते. आणि रिफ्रॅक्टोमीटर बिचारा फक्त पाणी किती दाट आहे तेवढंच सांगतो, कशाने दाट आहे ते सांगत नाही.

आजोबांना मी अंशांचं सांगितलं तर ते म्हणाले, शेठचा माणूस यायचा एक काचेची नळी घेऊन. बुडवायचा, बघायचा, कागदावर लिहायचा. "आम्हाला पान्याकरं बगून कलायचा. त्याला नली लागायची."

मीठ मागवलं. समुद्री मिठाची बादली, पैसे देऊन. आजोबा त्या वेळी काही म्हणाले नाहीत. बादली उघडल्यावर मात्र चिमूटभर जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "कडू हाय. बराबर हाय."

पाणी सगळं बदललं, जिवाणूंना पुन्हा वेळ दिला, आणि तोवर कॉलेज सुरू झालं. मी हॉस्टेलला आले. टाकी तिकडे, मी इकडे. बाबा शिफ्टला, आईची शाळा. टाकी आजोबांच्या ताब्यात गेली.

मला वाटलेली काळजी अशी होती. पनवेलच्या उकाड्यात हॉलमधलं पाणी ३० अंशांच्या वर जातं, समुद्री प्राण्यांना २५ ते २७ बरं. चिलर परवडत नाही, म्हणून पाण्यावर छोटा पंखा लावला होता. पंख्याने पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, दोन-तीन अंश खाली येतात. मडक्याचं तत्त्व. पण मग रोज लिटर-दीड लिटर पाणी कमी होतं. पाच दिवस कोणी बघितलं नाही तर साडेसात लिटर गेलं, आणि ३५ ची खारटपणाची पातळी ३९ वर. नवशिके इथे हमखास चुकतात. पाणी कमी झालं की मिठाचं पाणी घालतात. घालायचं असतं साधं, गोडं पाणी, कारण उडालंय ते फक्त पाणी. हे मी आजोबांना फोनवर नीट, हळू, मुद्देसूद समजावायला लागले. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"पानी उडतं. मीठ कुठं जातं? तू अभ्यास कर."

तीस वर्षं पाणी उडताना बघितलेल्या माणसाला मी बाष्पीभवन शिकवत होते.

टाकीच्या काचेवर त्यांनी आईच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ मारली. रोज सकाळी चहाच्या आधी पाणी रेघेपर्यंत आणायचं. गडूने किती घातलं ते कॅलेंडरवर लिहायचं. रात्री मेसमधून आल्यावर माझा फोन. "आज किती?" "सवा." "ऊन होतं का?" "व्हता." रूममेटला वाटायचं आम्ही सट्टा खेळतो. पावसाळी दिवसात पाऊण, ऑक्टोबर हीटला दीडच्या वर. त्या आकड्यांवरून मला इथे बसून पनवेलची हवा कळायची. मग हळूहळू आकड्यांच्या पुढे बोलणं जायला लागलं. मिठागरावर उन्हाने पायांना पडलेल्या भेगा, त्यात जाणारं मीठ. मेमध्ये वळवाचा पाऊस आला की ढिगांवर पेंढा टाकायला रात्री धावायचे ते. आजी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायची, आणि एकदा पडली आणि उठून सगळ्यांच्या आधी स्वतःच हसली, ते. आजी हसायची हे मला माहीत नव्हतं. मला आठवते ती आजारी.

दिवाळीत दोन क्लाउनफिश आले. नवीन गोगलगाईही आल्या, या वेळी जगल्या. आजोबांनी माशांना नावं ठेवली नाहीत. "मासं ते मासं," म्हणाले. आगऱ्याच्या घरात माशाला नाव ठेवलं तर जेवायचं कसं, हाही प्रश्न आहेच. पण खाणं मात्र तेच घालतात, चिमटीने, दिवसातून दोनदा, आणि मासे त्यांची सावली ओळखतात. मी काचेजवळ गेले तर दगडामागे लपतात!

२०२५ च्या जूनमध्ये सबमिशनच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि पनवेलला आमच्या भागात संध्याकाळी गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. रीफ टँकमध्ये पंप बंद म्हणजे पाणी थांबलं, पाणी थांबलं म्हणजे हवा मिसळत नाही. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन कमी मावतो, तापलेल्या पाण्यात आणखी कमी. माशांना तीन-चार तासांनी त्रास सुरू होतो. बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवायला हवा होता. मी ते 'पुढच्या महिन्यात' करणार होते. घरचे फोन बंद. मी रात्रभर इथे ड्रॉइंग शीट समोर घेऊन बसले होते आणि एकही रेघ सरळ आली नाही.

सकाळी आठला बाबांचा फोन आला. म्हणाले, मासे ठीक आहेत, पण बाबा अजून झोपलेत, उठवलं नाही.

आजोबा रात्री दहापासून टाकीशेजारी स्टुलावर बसले होते. गडूने टाकीतलं पाणी उचलायचं, वीतभर वरून परत टाकीत सोडायचं. उचलायचं, सोडायचं. बाबांनी दोनदा सांगितलं, मी करतो, तुम्ही झोपा. ऐकलं नाही. एकदा बाबांनी करून दाखवलं तर म्हणाले, उंचावरून सोडतोस, मासं घाबरतात. पहाटे चारच्या पुढे वीज आली, पंप गुरगुरला, तेव्हा उठले. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा वर जात नव्हता.

मी फोनवर त्यांना रागावले. म्हटलं, दोन मासे आहेत, दुसरे आणले असते. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्री बांध फुटला त कोन सकालपर्यंत थांबतं?"

तेवढ्यावरच तो फोन संपला. बॅटरीचा पंप मी त्याच दिवशी मागवला.

हा लेख मी आधी इंग्लिश विभागासाठी लिहायला घेतला होता. त्यात कॅल्शियमचा ग्राफ होता. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं की आजोबांचं एकही वाक्य इंग्लिशमध्ये जात नाहीये. शिवाय त्यांना तो वाचता आला नसता. माझं मराठी शुद्धलेखन आमच्या मराठी विभागाच्या संपादिकेने तीन वेळा तपासलंय, तरी चुका राहिल्या असतील तर त्या कॉन्व्हेंटच्या.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रात्री नेहमीसारखा फोन लावला. आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, त्यामुळे मध्येच एक विमान गेल्याचा आवाज आला आणि ते जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प थांबलो.

"आज किती?"

"एक. बाय, काचंला डाग परलाय."

"कसला डाग?"

"लाल. लाल नाय, गुलाबी. मागच्या काचंला, खाली. नखाने खरवरला. जात नाय. दगरासारका घट्ट बसलाय."

मी कॉटवर उठून बसले. गोगलगाईंच्या पाठीवर तसली गुलाबी साय होती, मी आणताना बघितली होती. कोरलाइन शेवाळ. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन दगडासारखं घट्ट वाढतं. पाणी चुकीचं असेल तर येतच नाही.

"किती मोठा आहे?"

"मिठाच्या खड्याएवरा." मग आजोबा थोडं थांबून म्हणाले, "कोंडीन पानी पिकला ना, का असाच रंग येतं. ब्लेडने काढू काय?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या रूममधून कोणीतरी बाहेर आलं. "आजोबा, हात लावू नका त्याला. राहू दे. उद्या फोटो काढा बाबांकडून आणि मला सांगा, केवढा झालाय ते."